आढीतलं औषध

आमच्या मालनला घाबरायला कारण लागत नाही. गॅस बंद केला की ती परत एकदा जाऊन बघते, आणि मग मला बघायला लावते. वीज कडाडली की आरशावर चादर टाकते. विहिरीवर जाताना कठडा जागेवर आहे ना, हे हात लावून खात्री करते. कठडा पन्नास वर्षं तिथेच आहे. लग्न होऊन ती आमच्या वसईजवळच्या उमेळ्याला आली तेव्हा आमची आई म्हणाली होती, "सून गुणाची आहे, पण स्वतःच्या सावलीला भिते."

मी तिची मोठी नणंद, मनोरमा. पोस्टात नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाच्या, तुळशीदासच्या, घरात ओटीवरची खोली धरून राहिले. मालनला चिडवणं हे त्या घरातलं माझं हक्काचं काम. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी तिला दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. ती हसायची आणि घाबरायची ती घाबरायचीच.

एका ठिकाणी मात्र तिला कसलीच भीती नसे. आढीपाशी.

आमची राजेळी केळ्यांची वाडी आहे. होती म्हणायला हवं, कारण तीन बाजूंनी इमारती आल्या आणि वाडीत दुपारी दोननंतर ऊन येत नाही. तरी थोडी केळ आहे. घड उतरवले की मागच्या पडवीत जुन्या लाकडी पेटाऱ्यात भाताचा पेंढा आणि केळीची सुकी पानं अंथरायची, त्यात घड झाकायचे, वरून गोणपाट. ही आढी. आतल्या उबेने केळी पिकतात. पिकली की सोलून मांडवावर उन्हात वाळवायची आणि सुक्या पानात बांधायची. ही आमची सुकेळी. यातलं अवघड काम एकच, आढी कधी उघडायची ते ठरवणं. ते मालन करते. पेटाऱ्याच्या फटीला नाक लावते, डोळे मिटते आणि सांगते, "नाय. कच्चं हाय." दुसऱ्या दिवशी परत नाक, आणि "आलं!" मी तिला एकदा विचारलं, तुला कळतं कसं? ती म्हणाली, "कच्च्याला वास नसतो, वन्सं. वास सुटला की समजायचं, आत जीव आला."

हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्याने आमचा घात केला.

मालनचं नाक जेवढं तिखट, तेवढं तिच्या नवऱ्याचं, आमच्या तुळशीचं, मेलेलं. आणि तो फुलांचा माणूस! वाडीच्या कडेने त्याची सोनचाफ्याची झाडं, पलीकडे मोगरा. फुलं रोज दादरला जायची. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा दादरच्या फूलवाल्याचा फोन आला, "कुजलेली फुलं काय पाठवता?" तुळशी भडकला. घरी उरलेल्या करंडीचा कुजका वास दारापर्यंत येत होता. त्याने तिच्यात तोंड घातलं, श्वास ओढला आणि म्हणाला, "छान तर आहेत!" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. फूलवाल्याचा वास जावा म्हणजे सोनाराची नजर जावी. त्याला त्याची एवढी लाज वाटली, की त्याने ते कधी कबूलच केलं नाही. कुणी फूल हातात दिलं की नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "छान." आणि आम्हीही कधी त्याला उघडं पाडलं नाही.

मग काही वर्षांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. चाफ्याचा देठ दोन बोटांत धरून अलगद मुरडायचा असतो. त्याच्या हातून पाकळ्या गळायला लागल्या. पावलं आखूड झाली. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला. हसला तरी कळेना, रागावला तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, कंपवात. मेंदूचा आजार. आणि हेही म्हणाले, की यात पुष्कळदा सगळ्यात आधी वास जातो.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी उठल्याबरोबर खोबरेल तेलाची बाटली उघडून वास घेते. एकाच आईच्या पोटची आम्ही. मालनला भित्री म्हणणारी मी. पण बाटलीचं झाकण काढल्यावर वास येईपर्यंत मी रोज डोळे घट्ट मिटून उभी असते, हे तिला कधी सांगितलं नाही.

गोळ्यांनी तुळशीचं काही वर्षं बरं चाललं. मग गोळीचा जोर जेवणाआधीच उतरायला लागला. उंबऱ्यात आला की पाय जमिनीला चिकटायचे. तेव्हा मुंबईच्या हॉस्पिटलात आम्हाला अश्लेषा भेटली. तरुण डॉक्टर, बोलायला लाघवी. तिथे एका नव्या औषधाचा अभ्यास चालला होता आणि त्यासाठी रुग्ण हवे होते.

"काकू, आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात," ती मालनला समजावत होती. "आपण खातो तो चोथा ते आंबवतात आणि त्यातून एक पदार्थ तयार होतो. तो मेंदूतली सूज उतरवत असावा, असा आमचा अंदाज आहे. कंपवाताच्या माणसांत तो कमी पडतो. म्हणून तो बाहेरून द्यायचा."

"आतड्यातलं डोक्यात?" मालन केविलवाणी झाली.

"नुसता गिळला तर तो वाटेतच संपतो. म्हणून चरबीच्या अगदी बारीक कवचांत भरलाय. इतकी बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ती कवचं त्याला मेंदूपर्यंत सांभाळून नेतील, अशी आशा आहे."

"वास येतो?" मालनचा प्रश्न. दुसरं कोण विचारणार?

"मोकळा असेल तर फार घाण येतो. खवट तुपासारखा," अश्लेषा हसली. "कवचात कोंडला की नाही येत."

मग तिने अवघड गोष्ट सांगितली. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार आणि निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसती पिठी असणार. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कुठली, ते तिलाही माहीत नसणार. तसं केल्याशिवाय औषध खरंच चालतं का ते कळत नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि रोज सकाळी एक द्यायची, बस.

तुळशीने थरथरत्या हाताने सही केली. मालनचं मात्र त्या दिवसापासून एकच सुरू झालं. ह्यांना खरी मिळाली की खोटी? भाजी निवडताना तेच, अंथरूण घालताना तेच. खरी असेल तर माणूस वाचेल, खोटी असेल तर डोळ्यांदेखत लाकूड होईल. तिच्या आयुष्यातल्या सारी भीती त्या एका बाटलीत जाऊन बसली. रोज सकाळी ती कॅप्सूल आधी स्वतःच्या नाकाशी न्यायची आणि मग तुळशीच्या हातावर ठेवायची.

"काही येतो का वास?" मी चेष्टेने विचारायचे.

"काय पन नाय," ती म्हणायची आणि तिचा चेहरा उतरायचा.

काही महिने गेले. तुळशी बरा होत होता असं म्हणवत नव्हतं. बिघडतही नव्हता. आहे तिथे होता. मला त्यातच समाधान होतं, मालनला नव्हतं.

अभ्यासातलीच एक बाई आम्हाला तपासणीच्या दिवशी बाकावर भेटायची, पाचूबंदरची मार्था. तिचा नवरा पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होता. आधी तिचा खांदा धरून चालायचा. या खेपेला तो एकटा चालत आला. मार्था फुलून गेली होती. "आता जेटीवर लिलावाला जाते एकटाच," ती सांगत होती. "पन मालन, त्या बाटलीचा वास काय गो तो! झाकन काढलं की नाक धरते मी."

"वास येतो?" मालनने विचारलं. तिचा आवाजच बदलला होता.

"येते म्हंजे? शी!"

परतीच्या वाटेवर आम्ही प्रणवच्या गाडीत होतो. प्रणव हा तिचा मुलगा, विरारला राहतो. तपासणीला तोच नेतो-आणतो. नव्या महिन्याची बाटली तिने मांडीवर दोन्ही हातांत धरली होती. घोडबंदरच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा ती एकदाच पुटपुटली, "कच्ची हाय." मला वाटलं, केळ्यांबद्दल बोलतेय.

पुढे तिने काय केलं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते.

मार्थाच्या औषधाला वास होता आणि तिचा नवरा चालत होता. आपल्या औषधाला वास नव्हता. कवचात कोंडला की वास येत नाही, हे अश्लेषाचं वाक्य मार्थाच्या त्या 'शी!'पुढे टिकलं नाही. याचा सरळ अर्थ, आपली खोटी. पण तो अर्थ मनात आणायला मालन घाबरली. तो अर्थ मान्य केला की संपलंच सगळं. म्हणून तिने दुसरा अर्थ काढला. अश्लेषा म्हणालीच होती की ते जंतू आंबवून बनवतात. आंबवलेल्या गोष्टीला वास हवा. नाही, म्हणजे औषध खोटं नाही, कच्चं आहे. आणि कच्च्याचं काय करायचं ते उमेळ्याच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

जुन्या बाटलीत थोड्या कॅप्सूल उरल्या होत्या. त्या संपेपर्यंत नव्या पिकतील, असा तिचा हिशेब. एक घड खायला काढला की दुसरा आढीत, तसाच. तिने नव्या कॅप्सूल केळीच्या मऊ सुक्या पानात सुकेळीसारख्या बांधल्या आणि आढीत राजेळीच्या घडांमध्ये उबेला ठेवल्या. रोज फटीला नाक लावून बघायची. आणि एका सकाळी वास सुटला.

त्या सकाळी मी ओटीवर पेपर वाचत होते. मालन आतून आली ती जवळजवळ पळतच. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला होता. तुळशी खुर्चीत बसला होता. तिने कॅप्सूल त्याच्या ओठांशी नेली तर त्याने तोंड फिरवलं.

"शी! कसला वास मारतोय!"

"असू दे हो. घ्या पटकन."

"अगं, घाण आहे ती."

"तुळशी, औषध आहे ते, अत्तर नाही," मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं. "घे मुकाट्याने."

त्याने घेतली. पुढचे दोन दिवसही घेतली, तोंड वेडंवाकडं करत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. पाणी टिकेना. रोजच्या कंपवाताच्या गोळ्या दिल्या, त्याही बाहेर. संध्याकाळ व्हायच्या आत माझा भाऊ खुर्चीत गोठला. तोंड पुसायला हात वर नेला होता, तो तसाच अधांतरी राहिला. बोट वाकेना, मान वळेना, गिळता येईना. डोळे तेवढे फिरत होते आणि त्या डोळ्यांत नुसती भीती होती. इतकी वर्षं तो थरथरायचा. आज तो दगड होऊन बसला होता आणि थरथरत होती मालन. "अहो, बोला ना," म्हणत ती त्याचा हात खाली करायला बघत होती आणि हात होत नव्हता.

प्रणवला फोन केला. तो येईपर्यंत फरशी पुसायला गोणपाट हवं म्हणून मी मागच्या पडवीत गेले. आढीवरचं गोणपाट ओढलं आणि असा भपकारा आला की मी मागे सरले. पिकलेल्या केळ्याचा गोडवा मला कळतो. हा खवट होता, कोंडलेल्या लोण्यासारखा. हात घालून चाचपलं तर पानाची पुरचुंडी लागली. आत कॅप्सूल, मऊ पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, पिवळट पाझरलेल्या. मला तिथेच सगळं समजलं. पुरचुंडी मी एका स्टीलच्या डब्यात घातली, झाकण घट्ट दाबलं आणि डबा पिशवीत टाकला.

वसईतल्याच एका हॉस्पिटलात त्याला ठेवलं. सलाइन लागलं, नाकातून नळी घातली, नळीतून गोळ्या विरघळवून दिल्या. डॉक्टर म्हणाले, रात्र जाऊ द्या, मग बोलू. "काही वेगळं खाल्लं होतं का?" त्यांनी विचारलं. मालनने मान हलवली. नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डबा माझ्या पायाशी पिशवीत होता. तो काढून डॉक्टरांपुढे ठेवणं मला अवघड नव्हतं. पण पोलीस येतील का, तुळशीला अभ्यासातून काढतील का, हे विचार माझ्याही डोक्यात घोंघावत होते. सकाळपर्यंत बघू, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याला भित्री म्हणणं सोपं असतं.

सकाळी तुळशीची बोटं हलली. आणि प्रणवने कळवलं म्हणून दुपारी अश्लेषा मुंबईहून आली. तिने तुळशीला तपासलं, मग आम्हा दोघींना बाहेर बाकावर बसवलं. ती नेहमीसारखी हसत नव्हती.

"काकू, हे औषधामुळे झालं असेल तर मला आजच कळवावं लागेल. मग सगळ्यांचं औषध थांबेल."

"सगळ्यांचं?" मालनने विचारलं.

"हो. कारण कळेपर्यंत सगळ्यांचं."

"मार्थाच्या नवऱ्याचं पन?"

"हो, काकू."

मालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सावलीला भिणारी बाई ती. मला वाटलं, आता ही गप्पच राहील, आणि मला डबा काढावा लागेल. पण ती उठून उभी राहिली, शाळेत बाईंसमोर उभं राहतात तशी.

"औषधाचा दोष नाय, डॉक्टर. मी ते आढीत घातलं."

अश्लेषाला आधी समजेना. आढी म्हणजे काय इथपासून मालनने सांगितलं. पेंढा, पानं, ऊब, वास. कुठे थांबली नाही, रडलीही नाही. सांगून झाल्यावर मी डबा काढून दिला. अश्लेषाने झाकण उघडलं. तो भपकारा बाकाच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरला, पलीकडून जाणाऱ्या नर्सने नाकाला रुमाल लावला. अश्लेषा मात्र झाकण हातात धरून नुसती बघत राहिली.

"बरं झालं सांगितलंत," ती शेवटी म्हणाली. "बाकीच्यांचं चालू राहील असं मला वाटतं. पण काकांना आता यात राहता येणार नाही. कॅप्सूल परत देता येणार नाहीत."

मालनने मान डोलावली. ती शिक्षा तिने धरूनच चालली होती. पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी कुरतडत होतं, आणि मला गप्प बसायची सवय नाही.

"पिठीला असा वास येतो का गं?" मी अश्लेषाला विचारलं.

तिने डब्याचं झाकण लावलं आणि खाली बघत राहिली.

मीही आयुष्यभर पिठी चाळली आहे. पिठीला बुरशी येते, कुबट वास येतो. खवट तुपाचा वास पिठीला येत नाही. आत जे नाही ते बाहेर कुठून पाझरणार?

मालनला समजायला थोडा वेळ लागला. मग ती बाकावर न बसता सरळ जमिनीवर बसली. "म्हंजे खरीच होती?" तिने विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं, अश्लेषाकडे बघून विचारलं. "वन्सं, खरीच होती का?"

मी तिला दंडाला धरून उठवायला लागले.

चार दिवसांनी मार्था तुळशीला बघायला आली, हातात शहाळी घेऊन. मालनने तिला तिच्या बाटलीच्या वासाचं विचारलं. मार्था कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो बाय, ती बाटली माझ्या फ्रीजात. फ्रीजात काय हाय? सुकट, बोंबील, जवला! त्याचा वास तो. औषधाला कसला वास?" आणि हसायला लागली. मालनचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. आढीचं तिला आम्ही सांगितलं नाही.

तुळशी घरी आला. अशक्त झाला होता, पण उंबऱ्यापर्यंत चालत होता. त्याला आम्ही एवढंच सांगितलं, की पोट बिघडलं म्हणून डॉक्टरांनी ते औषध बंद केलं. त्या दुपारी मी मागच्या पडवीत मालनला सुकेळी बांधायला मदत करत होते. ती बांधता बांधता थांबली.

"वन्सं, ते काय म्हनाले होते?"

"कोण?"

"हे. त्या सकाळी. तुम्ही ओटीवर होता."

मी आठवलं. आणि माझ्या हातातलं सुकेळं खाली पडलं. *शी! कसला वास मारतोय!* माझ्या भावाला कितीतरी वर्षांत कसलाच वास आला नव्हता. त्या सकाळी आला होता. तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता, आणि त्याला अत्तराची अक्कल मी शिकवत होते.

मालन उठली, वाडीत गेली, एक सोनचाफा आणि मूठभर मोगरा घेऊन आली. तुळशीला म्हणाली, "अहो, डोळे मिटा." चाफा त्याच्या नाकाशी धरला.

"चाफा," तो म्हणाला.

"आनि हा?"

"मोगरा..." तो अडखळला. त्याने डोळे उघडले. त्याच्या त्या सपाट चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ताई! अगं ताई, मला वास येतोय!"

मग घरात सणच सुरू झाला. त्याने साबण मागवला, हिंगाची डबी मागवली, कोथिंबीर हातावर चुरडून घेतली. मालनच्या केसांचा वास घेतला, माझ्यादेखत, ती लाजली. "चालतंय औषध," तो सांगत सुटला. "सांग त्या मुलीला. पोट काय, आज बिघडेल, उद्या सुधरेल. परत चालू करा म्हणावं."

मालनने अश्लेषाला फोन केला. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, की एका माणसाच्या नाकावरून काही ठरत नाही, पण ती हे नोंदवेल. औषध मात्र मिळणार नाही. अभ्यास संपून, सगळं सिद्ध होऊन ते दुकानात येईल तेव्हा येईल. त्याला वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. इतके दिवस मालनची भीती पसरट होती; विजेची, विहिरीची, गॅसची. आता ती एका जागी आली. रोज सकाळी ती एक फूल मुठीत घेऊन तुळशीसमोर बसायची. तो डोळे मिटून सांगायचा, चाफा. मोगरा. चाफा. ती मूठ उघडून दाखवायची. तो हसायचा. मी आपली ओटीवर खोबरेलाची बाटली हुंगून यायचे आणि दारात उभी राहायचे.  काही दिवसांनी त्याला उत्तराला उशीर लागायला लागला. मग तो दोनदा हुंगायला लागला. मोगऱ्याला एकदा चाफा म्हणाला आणि लगेच म्हणाला, "नाही नाही, मोगरा, सर्दी झालीये." सर्दी नव्हती. उंबऱ्यात पाय पुन्हा चिकटायला लागले होते.

परवा सकाळी मालन फुलं आणायला वाडीत गेलीच नाही. नुसतीच येऊन त्याच्यासमोर बसली. "डोळे मिटा," म्हणाली. आणि मिटलेली मूठ त्याच्या नाकाशी नेली. मी दारात उभी होते. मला दिसत होतं, मुठीत काही नव्हतं.

तुळशीने शांतपणे श्वास ओढला. थोडा थांबला. बायको घाबरेल हे त्याला माहीत होतं. चाळीस वर्षं ओळखतो तो तिला.

"चाफा," तो म्हणाला. "छान आहे."

मालनचा हात थरथरला नाही.

"बरोब्बर," ती म्हणाली. "चाफाच हाय."

आणि मूठ न उघडता ती उठली. माझ्या शेजारून मागच्या पडवीत गेली आणि आढीच्या पेटाऱ्यावर डोकं टेकून उभी राहिली. मी तिच्यामागे गेले.  मी तिची मूठ सोडवायला बघत होते, आणि ती काही केल्या उघडत नव्हती.